सहा मिनिटांसाठी तीन दिवस

शनिवार, रात्री उशिरा

पाय दुखतायत, कानात अजून घरघर आहे, पण आत्ता नाही लिहिलं तर उद्यापर्यंत सगळा गोंधळ होईल डोक्यात.

काल हार्वर्ड (दुसऱ्या महायुद्धातलं वैमानिकांना शिकवायचं विमान) घेऊन एअर शोला पोचलो एकदाचे. सकाळी निघायचं ठरलं होतं पण ढग इतके खाली होते की दादा (आमचे पायलट, सगळे त्यांना दादाच म्हणतात) दर वीस मिनिटांनी बाहेर जायचे, वर बघायचे आणि काही न बोलता परत येऊन बसायचे. शेवटी दुपारी उघडलं. मी मागच्या सीटवर, आणि माझ्या मागच्या सामानाच्या कप्प्यात तेलाचे कॅन, चाकांना लावायचे चॉक, बांधायचे दोर, प्लगचा पाना आणि चिंध्यांचं एक मोठं बोचकं. एवढी यादी करून निघालो तरी उतरल्यावर कळलं की इंजिनाखाली ठेवायचा ट्रे घरीच राहिलाय! रेडियल इंजिन (गोलात सिलिंडर असलेलं, उभं राहिलं की तेल गळणारं) घेऊन ट्रेशिवाय यायचं म्हणजे कमालच. शेजारच्या विमानाच्या क्रूकडे मागितला तर त्यांनी हसत दिला, वर "तेल गळत नसेल तेव्हा काळजी कर, म्हणजे टाकीत उरलेलंच नाही" हा घिसापिटा जोक पण ऐकवला.

आज सकाळची सुरुवात नेहमीसारखी प्रोपेलर हाताने फिरवण्यापासून. आधी मॅग्नेटो (प्लगना ठिणगी पुरवणारे) ऑफ आहेत का ते बघायचं, मग परत एकदा बघायचं, कारण गरम इंजिन किंवा सुटलेली अर्थिंगची वायर असेल तर पातं हातातच उसळू शकतं. नऊ सिलिंडर गोलात बसवलेले असल्याने उभ्या विमानात तेल झिरपत खालच्या सिलिंडरांत जमतं, आणि तेल काही दाबलं जात नाही. तसंच स्टार्टर मारला तर कनेक्टिंग रॉड (पिस्टनचा दांडा) वाकतो, कधीकधी ते लगेच कळत पण नाही, नंतर हवेत कळतं. म्हणून दोन पूर्ण फेरे, म्हणजे नऊच्या नऊ सिलिंडरचं चक्र होतं. मध्ये अडकलं तर जोर लावायचा नाही, उलटं तर अजिबात फिरवायचं नाही (ते तेल इनटेक पाइपात जाऊन बसतं आणि नंतर परत येतं), सरळ खालचे प्लग काढून निचरा करायचा. आज अडकलं नाही. बरं झालं.

मग ब्रीफिंग. हजेरी घेतात शाळेसारखी, जो पायलट हजर नसेल त्याचं उड्डाण रद्द, मग तो कितीही मोठा असो. हवामान, वारा, कोण कोणाच्या मागे, प्रेक्षकांच्या बाजूची कुठली रेषा ओलांडायची नाही. वारा आज प्रेक्षकांच्या दिशेने होता, म्हणजे प्रत्येक वळणात विमान हळूच गर्दीकडे सरकणार, ते दादांनी हातावर लिहून घेतलं.

टॅक्सी करताना, म्हणजे जमिनीवरून रनवेकडे जाताना, स्पिटफायरना (ब्रिटिश लढाऊ विमानं) आधी जाऊ दिलं. त्यांचे रेडिएटर पंखांखाली, प्रोपेलरच्या झोताबाहेर, त्यामुळे जमिनीवर उभं राहिलं की त्यांचं मर्लिन इंजिन भराभर तापतं. आमचं आपलं हवेवर थंड होणारं, थांबा म्हटलं की थांबतो. पुढचं नाक एवढं आडवं येतं की सरळ काही दिसतच नाही, म्हणून नागमोडी चालत रनवेपर्यंत.

आणि मग आमच्या कसरतींची सहा मिनिटं. दादा लूपच्या (उभ्या गोल गिरकीच्या) वरच्या टोकाला पोचले की मी श्वास धरतो, प्रत्येक वेळी. तिथे ठरलेली उंची मिळाली असेल तरच खाली खेचायचं, नाहीतर रोल करून बाहेर पडायचं. दादांनी आज एकदा तसंच केलं, लूप अर्धाच सोडला. लोकांना वाटलं तसंच बसवलंय. मला त्या अर्ध्या लूपचं जास्त कौतुक वाटलं.

आवाजाबद्दल एकजण विचारत होता की एवढं काय केकाटतं. ६०० हॉर्सपॉवरचं इंजिन आणि प्रोपेलर मध्ये गिअर न घालता थेट जोडलेले, त्यामुळे टेकऑफला पात्यांची टोकं आवाजाच्या वेगाजवळ जातात, ती किंचाळी त्याची असते. दुसऱ्या एका मुलाने विचारलं हे जपानी आहे का. चूक नाही त्याची, सिनेमांत या बिचाऱ्याला रंग फासून जपानी झीरो लढाऊ विमानाची कामं करायला लावलीयत. १५,००० पेक्षा जास्त बनली, ज्यांनी मस्टँग (अमेरिकन लढाऊ विमान) नि स्पिटफायर उडवली त्यातले कितीतरी आधी यावर शिकले, आणि इथे फोटोची रांग मात्र मस्टँगसमोर. मला राग येतो थोडा, पण मी पण काल पोचल्या पोचल्या मस्टँगचाच फोटो काढला होता.

संध्याकाळ सगळी पोटाखाली झोपून तेल पुसण्यात गेली. पुढून निघालेलं तेल मागे शेपटीपर्यंत जातं कसं हे मला अजून पटत नाही. चिंध्या संपल्या, शेवटी स्वतःचा जुना टीशर्ट वापरला.

उद्याचा स्लॉट दुपारचा. प्रोपेलर सकाळी परत फिरवायचाय. मॅग्नेटो दोनदा बघून आलोय. तो ट्रे उद्या निघताना आठवणीने परत द्यायचाय.