स्ट्रक्चरल इंजिनिअरचं लायसन्स अडतं ते अनुभवाच्या दाखल्यावर

व्यवसाय कुणी करायचा हे ठरवणारा वकिलांसाठी १९६१चा कायदा आहे, आर्किटेक्टसाठी १९७२चा. इंजिनिअरसाठी देशभर चालणारा तसा कायदाच नाही. म्हणून इमारतींच्या डिझाइनवर सही करायची तर कोल्हापुरात लायसन्स मागायचं ते महापालिकेकडं. पात्रता डिसेंबर २०२० पासून लागू झालेल्या युडीसीपीआरच्या, म्हणजे राज्याच्या एकत्रित बांधकाम नियमावलीच्या, परिशिष्ट सीमध्ये दिली आहे. ते मुळातून वाचा. कुणीतरी सांगितलेल्या कागदांच्या यादीवर विसंबू नका.

सिव्हिलची पदवी आणि स्ट्रक्चरल कामाचा तीन वर्षांचा अनुभव, ही मुख्य अट. स्ट्रक्चरमधली पदव्युत्तर पदवी असेल तर दोन वर्षं, पीएच.डी. असेल तर एक. अनुभव डिझाइन आणि साइट, दोन्हीचा हवा. ‘साइट इंजिनिअर म्हणून तीन वर्षे काम केले, वर्तणूक चांगली’ हा दाखला नोकरीला चालेल; डिझाइन केल्याचं त्यातून काहीच सिद्ध होत नाही. प्रत्येक कामाचं ठिकाण, मजले, फाउंडेशनचा प्रकार, त्यात तुमचा नेमका वाटा आणि महिनावार कालावधी लिहून घ्या. सही करणाऱ्याचा लायसन्स नंबरही हवा. पूर्णवेळ एम.टेक.ची वर्षं अनुभवात मिसळली की तारखा एकमेकींवर चढतात आणि सगळ्या दाखल्यावरच शंका येते.

त्या तीन वर्षांत हात कशावर बसवायचा? आयएस १८९३ या भूकंपविषयक भारतीय मानकाच्या २०१६च्या आवृत्तीनुसार कोल्हापूर भूकंपाच्या झोन तीनमध्ये, म्हणून काँक्रीटमधल्या सळयांची भूकंपरोधक रचना सांगणारं आयएस १३९२० पाळावंच लागतं. त्यात कॉलमची कमीत कमी बाजू ३०० मिमी आहे. नऊ इंची भिंतीत कॉलम लपावा म्हणून मालक २३० मिमी मागतो, तेव्हा नाही म्हणायचं. कॉलमच्या उभ्या सळयांभोवती बांधायच्या रिंगचा हूक १३५ अंशांत वळवून पुढं रिंगच्या जाडीच्या सहापट, पण किमान ६५ मिमी टोक सोडायचं. ९० अंशांचा हूक बांधायला सोपा, पण हादऱ्यात सळयांवरचं काँक्रीटचं कव्हर फुटलं की रिंग उघडते आणि उभ्या सळया बाहेर वाकतात. काँक्रीट ओतल्यावर हे दिसत नाही, म्हणून ओतण्याआधीचं चेकिंग स्वतः करा.

पंचगंगेकाठचा प्लॉट असेल तर मातीच्या रिपोर्टची तारीख आधी बघा. मे महिन्यात भूजल खोल दिसतं. पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांची इशारा पातळी गाठली जाते, तेव्हा तीच माती भिजलेली असते. भारक्षमतेचा हिशेब भिजलेल्या स्थितीचाच धरा.

इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्सचं ‘चार्टर्ड इंजिनिअर’ हे वेगळं प्रमाणपत्र, महापालिकेच्या लायसन्सची जागा ते घेत नाही. पुढं ‘आंतरराष्ट्रीय प्रोफेशनल इंजिनिअर’ ही नोंदणी हवी असेल तर पदवीनंतरची सात वर्षं लागतात, त्यांतली दोन महत्त्वाच्या कामाच्या थेट जबाबदारीची. तिथंही कामाची नोंद दाखवावी लागते, म्हणून पहिल्या साइटपासून वही ठेवा: तारीख, काँक्रीटची ग्रेड, तपासलेल्या सळया, बदललेलं ड्रॉइंग.