अडून बसलेली पिन

घरातले बाकी सगळे रेडिएटर, म्हणजे गरम पाण्यावर खोली उबवणारी पॅनेलं, तापलेत आणि एकटाच गार पडलाय, की संशय व्हॉल्व्हवर जातो. संशय खरा असतो, पण पुष्कळदा दोष एका छोट्या भागाचा असतो आणि फाशी अख्ख्या व्हॉल्व्हला होते. थर्मोस्टॅटिक (खोलीच्या उबेनुसार पाणी कमी-जास्त सोडणाऱ्या) व्हॉल्व्हची आकडेवाली टोपी पाचावर आणून उतरवली, की पितळेतून डोकावणारी एक पिन दिसते, जाडीला आगकाडीएवढी. खोली तापली की टोपीतलं मेण किंवा द्रव फुगतं, पिनीला दाबतं आणि पाणी अडतं. खोली गारठली की आतली स्प्रिंग तिला परत वर ढकलते. टोपी सगळा उन्हाळा बंद राहिली, तर ही बाई दाबल्या जागीच चिकटते. मग वर कितीही आकडे फिरवा.

पान्याच्या सपाट बाजूनं तिला हलकेच दाबून सोडावं. दोन-तीन मिलिमीटर आत जाऊन आपसूक वर आली, तर काम संपलं. नाहीच आली, तर बाजूनं चार टिचक्या आणि तेलाचा एक थेंब. पक्कडीनं ओढू नये! काही व्हॉल्व्हांत ती अख्खी हातात येते आणि मागोमाग काळ्या पाण्याची धार.

तरीही पिन हटली नाही, तर व्हॉल्व्ह बदलणं आलं. त्यातही पाने चालवण्यापेक्षा पाणी सांभाळण्यातच जास्त वेळ जातो. बॉयलर बंद करून पाणी निवू द्यावं, सगळ्यात खालच्या ड्रेन कॉकला (पाणी काढायच्या तोटीला) रबरी नळी लावून ती उघडावी. दाब उतरला की वरच्या मजल्यावरच्या रेडिएटरचे हवेचे स्क्रू उघडावेत. ते बंद राहिले तर पाणी आतच अडतं, बोट दाबून धरलेल्या स्ट्रॉसारखं.

नट सोडवताना पाने दोन लागतात: एक नटाला, दुसरा व्हॉल्व्हच्या अंगाला. एकाच पान्यावर जोर काढला तर पाईप पिळतो आणि फरशीखालचा एखादा जोड गळायला लागतो; तो कळतो फार उशिरा. पाईपवरची जुनी पितळी कडी, म्हणजे ऑलिव्ह, करवतीनं तिरकी अर्धवट कापून पेचकसानं उकलावी. पाईपवर ओरखडा उठला, तर नवी कडी कितीही आवळा, थेंब यायचाच. रेडिएटरमध्ये बसणाऱ्या तुकड्याच्या आट्यांवर टेफ्लॉन टेपचे दहा-बारा वेढे, घट्ट व्हायच्या दिशेनं. उलटे घातले की बसवतानाच सुटतात. ऑलिव्हच्या नटाला मात्र हातानं घट्ट झाल्यावर साधारण एक फेरा पुरे. जास्त जोरानं कडी चेपते. व्हॉल्व्हच्या अंगावरचा बाण पाण्याच्या दिशेकडे बघतोय ना, हेही आधीच पाहावं.

भरताना दाब गार असताना एक ते दीड बार. हवा खालच्या मजल्यापासून काढत वर जावं. पाण्याबरोबर गंजरोधक द्रवही गटारात गेलेला असतो. तो परत घालायचा राहिला, की काळा गाळ नव्या पिनीच्या वाटेला लागतोच.

एकदा तापवून, निववून मग प्रत्येक जोडाला कोरडा टिश्यू टेकवावा. बोटाला न कळलेला ओलावा कागदावर ठिपका होऊन उमटतो.