बायपॅपवरच्या पेशंटचं ताट

कोविडच्या आयसीयूत व्हेंटिलेटरवरच्या पेशंटच्या पोटाची मला तितकी चिंता वाटायची नाही. त्याच्या नाकात नळी असते, पंप तासाला ठरलेले मिलिलिटर फीड, म्हणजे पातळ आहार, सोडत राहतो आणि सिस्टर दर तासाला आकडा लिहितात. काय गेलं, किती गेलं, सगळं कागदावर दिसतं. चिंता वाटायची ती बायपॅपवरच्यांची. नाकातोंडावर घट्ट मास्क बांधलेला, मशीनच्या दाबावर श्वास चाललेला, पण माणूस शुद्धीत, खुणांनी बोलणारा. त्याच्या फाइलवर ‘सॉफ्ट डाएट’ लिहिलेलं असायचं, ताट वेळेवर समोर यायचं आणि तरीही तो उपाशी राहायचा.

२०२१ चा जून. राज्यात बाकी ठिकाणी दुसरी लाट ओसरायला लागली होती, कोल्हापूर जिल्ह्याचे आकडे मात्र काही केल्या उतरत नव्हते. सीपीआर, म्हणजे कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय, भरलेलं, खासगी दवाखाने भरलेले, एक बेड मोकळा झाला की पुढची ॲम्ब्युलन्स दारात उभी. मी शहरातल्या एका खासगी हॉस्पिटलात आहारतज्ज्ञ होते. आत जाणाऱ्यांची संख्या कमी ठेवायची म्हणून आमचं बरंचसं काम बाहेर बसून चालायचं, फोनवर आणि फाइलच्या फोटोंवर. सिस्टर आतून वाचून दाखवायच्या, मी बाहेर हिशोब मांडायचे.

त्या दिवशी मला खटकली ती रक्तातल्या साखरेची एक नोंद. बेड नंबर सातवर शिरोळ तालुक्यातल्या, पन्नाशीच्या एक बाई होत्या. सगळे त्यांना आक्का म्हणायचे. मधुमेह जुना, त्यात डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड रोज ६ मिलिग्रॅम. या औषधानं साखर चढते, दुपारनंतर तर हमखास चढते. आक्कांची मात्र आदल्या दिवशी दुपारी साडेतीनला ६४ निघाली होती. लगेच ग्लुकोज दिलं, इन्सुलिनचा डोस कमी केला आणि त्या सावरल्या. पण स्टिरॉइडवरच्या माणसाची साखर जेवणाचं इन्सुलिन टोचल्यावर एवढी खाली जाते, तेव्हा पहिली शंका जेवणाचीच घ्यायला हवी. चार्टवर सहा दिवसांच्या प्रत्येक जेवणापुढं ‘घेतलं’ असं लिहिलेलं होतं.

मी किट चढवलं आणि दुपारच्या जेवणाच्या वेळेला आत गेले.

साडेबाराला मावशींनी ट्रॉली आणली. आक्कांच्या पुढ्यात डबा ठेवला, झाकण काढलं: मऊ भात, मुगाचं वरण, शिजवलेला दुधी, वाटीभर दही. तोवर आक्कांचा मास्क निघालेला नव्हता, कारण सिस्टर पलीकडच्या बेडवर सलाइन लावत होत्या. त्या आल्या, मास्कचे पट्टे सोडले, नाकाला ऑक्सिजनची साधी नळी लावली. मास्कचा वळ नाकाच्या हाडावर लालभडक उमटला होता. मॉनिटरवर ऑक्सिजन ९३. आक्कांनी चमचा उचलला तर हात थरथरत होता, वरण छातीवर सांडलं. मी चमचा हातात घेतला. पहिला घास तोंडात गेला आणि तिथंच फिरत राहिला. तोंड इतकं कोरडं पडलेलं, की गिळायला पाण्याचा घोट लागला. ८९. दुसरा घास. चावायचं की श्वास घ्यायचा, दोन्ही एका वेळी जमत नव्हतं. ८६. तिसऱ्या घासाला त्यांनी मान हलवली आणि स्वतःच मास्ककडं बोट केलं. ८३ ला अलार्म वाजला, सिस्टर धावत आल्या, मास्क पुन्हा बसला. आकडा ९० च्या वर यायला बराच वेळ लागला. तोवर भात गार झाला होता. थोड्या वेळानं मावशी आल्या आणि डबा घेऊन गेल्या. त्यांना अजून बरेच बेड करायचे होते.

“आक्का, सकाळी काय खाल्लं होतासा?” मी कानाजवळ जाऊन विचारलं.

मास्कच्या आतून आवाज आला, “च्या घेतला की. आन् बिस्कुट.” मग थोडं थांबून, “चवच न्हाई वं कशाला. माती खाल्ल्यागत लागतंय.”

सिस्टरांनी चार्टवर खोटं लिहिलेलं नव्हतं. ताट आलं, पेशंटनं खाल्लं, म्हणून ‘घेतलं’. किती घेतलं हे लिहायला त्या कागदावर रकानाच नव्हता आणि एका सिस्टरकडं इतके पेशंट असताना घास मोजायला वेळही नव्हता. मी तिथंच उभी राहून बेरीज केली. चहा, एक-दोन बिस्किटं, तीन घास वरणभात, रात्रीचं अर्धा कप दूध. फार तर ३०० किलोकॅलरी आणि ८-१० ग्रॅम प्रोटीन. मुलानं आक्कांचं वजन ६२ किलो सांगितलं होतं. कोविडसाठी २०२० मध्ये आलेल्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांप्रमाणे प्रोटीनच दिवसाला किलोमागं १.३ ग्रॅम, म्हणजे ८० ग्रॅमच्या आसपास लागत होतं. ताप, सूज आणि स्टिरॉइड, तिन्ही मिळून शरीर स्नायू तोडत असतं. बाहेरून प्रोटीन आलं नाही तर ते तोडणं आणखी वेगानं होतं. आणि श्वासाचा पडदा, डायफ्रॅम, हाही स्नायूच आहे. ज्या स्नायूच्या जोरावर आक्कांना मास्कमधून बाहेर यायचं होतं, तोच रोज झिजत होता.

राउंडला आलेल्या सरांना मी म्हटलं, “सर, बेड सातला फीडची नळी टाकूया.”

सरांचं म्हणणं रास्त होतं. “कधीही इंट्युबेट करावं लागेल, श्वासनलिकेत नळी घालून व्हेंटिलेटरवर घ्यावं लागेल, अशी परिस्थिती आहे. पोट भरलेलं असलं आणि उलटी झाली तर सगळं फुफ्फुसात जाईल. शिवाय नळीवरून मास्क बसवला की हवा गळते.”

ही भीती खरी आहे. बायपॅपचा दाब तोंडावर असताना उलटी होणं फार वाईट. म्हणूनच त्या काळात कितीतरी पेशंट ‘वाट बघूया’ म्हणत तोंडानं चार घासांवर ठेवले जायचे. पण वाट बघता बघता आठवडा निघून जातो. मी एवढंच म्हटलं, “इंट्युबेट करावं लागलंच, तर आठवडाभर उपाशी राहिलेल्या बाईला आपण व्हेंटिलेटरवर घेणार. तिथून मग सोडवायचं कसं?” सर क्षणभर फाइलकडं बघत राहिले. मग म्हणाले, “बारीक नळी घ्या. डोकं वर. फीड सावकाश. पालथं झोपवायच्या आधी थांबवायचं.”

मास्कऐवजी थोडा वेळ हाय फ्लो, म्हणजे नाकातून जोरात सोडलेला ऑक्सिजन, लावून सिस्टरांनी नळी टाकली. आक्कांनी दोन वेळा सिस्टरांचा हात धरला, डोळ्यांतून पाणी आलं, पण गिळा म्हटल्यावर गिळत राहिल्या. एक्स-रे काढून नळी पोटातच आहे ना हे बघितलं. मास्क गालाला जिथं टेकतो तिथं नळीच्या दोन्ही बाजूंना मऊ ड्रेसिंगची पट्टी लावली, तरी सुरुवातीला हवा गळून मशीन ओरडतच होतं. पट्टे दोनदा सैल-घट्ट केल्यावर शांत झालं. नळीचा एक फायदा असाही झाला, की मशीनच्या दाबानं पोटात गेलेली हवा काढून घेता आली. आक्कांचं पोट टम्म फुगलेलं होतं, ते उतरलं.

आता सगळ्यांना घाई झाली होती. इतके दिवस उपाशी आहे म्हटल्यावर पंप जोरात सोडावा असंच कुणालाही वाटेल. मी तासाला २० मिलिलिटरच लिहिलं, म्हणजे दिवसभरात ४८० किलोकॅलरीच्या आसपास, आणि फीड सुरू व्हायच्या आधीच थायामिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, द्यायला सांगितलं. पाच दिवसांपेक्षा जास्त काळ जवळजवळ काही न खाल्लेल्या माणसाला एकदम भरपूर दिलं, तर इन्सुलिन उसळतं आणि रक्तातलं फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम झपाट्यानं पेशींमध्ये ओढलं जातं. दुसऱ्या महायुद्धानंतर छावण्यांतून सुटलेल्या उपाशी कैद्यांच्या बाबतीत डॉक्टरांनी हे पाहिलं होतं. पोटभर जेवण मिळाल्यावर काही जण दगावले. रिफीडिंग सिंड्रोम म्हणतात त्याला. फॉस्फरस फार उतरलं तर श्वासाचे स्नायू आणखी ढिले पडतात, आणि आक्कांना तेवढंच परवडणारं नव्हतं.

सकाळचा रिपोर्ट आला. फॉस्फरस आदल्या दिवशी २.८ होतं, ते १.६ वर आलं होतं. पोटॅशियम ३.१. एवढ्याशा फीडवर हे झालं, जोरात सोडलं असतं तर काय झालं असतं याचा विचार नको वाटतो. फीड २० वरच ठेवलं, दोन्ही शिरेतून भरून काढलं, आणि आकडे जागेवर आल्यावरच पंपाचा वेग हळूहळू वाढवत ६० पर्यंत नेला. वरून प्रोटीन पावडर. साखरेचं गणितही बदललं. आता फीड दिवसभर सारखं जात होतं, त्यामुळं इन्सुलिनही त्याच बेतानं. पंपाच्या स्टँडवर मी मोठ्या अक्षरांत कागद चिकटवला: ‘फीड थांबलं तर इन्सुलिनबद्दल लगेच डॉक्टरांना विचारा.’ पालथं झोपवताना फीड बंद आणि इन्सुलिन चालू, अशी वेळ आली असती तर साखर पुन्हा ६४ वर गेली असती, कदाचित त्याहून खाली.

आक्कांचा मुलगा रोज संध्याकाळी गेटवर डबा घेऊन यायचा. डब्यावर चिकटपट्टी, पट्टीवर नाव आणि बेड नंबर. नळी टाकल्याचं कळल्यावर तो फोनवर म्हणाला, “मॅडम, घरची म्हस हाय. ते पावडरीचं कशाला घालताय? आमचं दूध घाला की नळीतनं. न्हायतर मटणाचं आळणी सूप आणतो, ताकद येईल.”

मायेनं विचारलेल्या अशा प्रश्नाला घाईनं ‘नाही’ म्हणून फोन ठेवणं मला कधी पटलं नाही. त्याला सांगितलं, की नुसत्या दुधात सगळं नसतं, आणि नळीतून थेंब थेंब जाणारं दूध आपल्याकडच्या उकाड्यात काही तासांत नासतं. तयार पावडरीत प्रोटीन, मीठ, जीवनसत्त्वं मोजून घातलेली असतात, आणि कालवलेलं फीडसुद्धा आम्ही चार तासांवर ठेवत नाही. आळणीबद्दल जरा जास्त बोलावं लागलं. आपल्याकडं आजारी माणसाला आळणी म्हणजे अमृत. पण त्या पाण्यात चव आणि मीठ जास्त, प्रोटीन थोडं. खरं प्रोटीन खाली राहिलेल्या तुकड्यांत असतं, आणि ते घरातली बाकीची माणसं खातात. “बऱ्या होऊन घरी आल्या, की तुकडे मऊ शिजवून, बारीक करून त्यांना द्या. पाणी तुम्ही प्या,” मी म्हटलं. तो बऱ्याच दिवसांनी हसला.

पुढं आक्का बायपॅपवरून हाय फ्लोवर आल्या. नळी लगेच काढली नाही. रात्रभर नळीतून फीड आणि दिवसा तोंडानं थोडं थोडं, दर दोन तासांनी. एका वेळी सात-आठ घासांच्या वर काही द्यायचं नाही हे ठरवून टाकलं. चव अजून आलेली नव्हती, पण गार आणि आंबट तेवढं त्यांना जाणवायचं. म्हणून ताकातली नाचणीची आंबील, दह्यात कुस्करलेलं उकडलेलं अंडं, दहीभात. अंड्याला आधी नको म्हणाल्या, मग दही दिसलं म्हणून खाल्लं. तोंडानं गरजेच्या निम्म्याहून बरंच जास्त जायला लागल्यावर नळी निघाली.

नळीमुळं आक्का वाचल्या असं मी म्हणणार नाही. ऑक्सिजन, औषधं, पालथं झोपवणाऱ्या सिस्टर आणि वॉर्डबॉय मामा, आणि त्यांचं स्वतःचं शरीर, सगळ्याचा त्यात वाटा. शेजारच्या बेडवरच्या तरुणाला पहिल्या दिवसापासून मोजून, नियमानं फीड गेलं होतं, तो गेला. अन्नानं काय होतं आणि काय होत नाही याचा हिशोब त्या महिन्यात माझ्यापुढं रोज उघडा पडत होता. पण जो माणूस आजाराशी झुंजतोय त्याला वरून उपाशी ठेवणं, आणि कागदावर ‘घेतलं’ लिहिणं, हे टाळणं तरी आपल्या हातातलं आहे.

त्या आठवड्यात चार्टवर नवा रकाना आला: पाव, अर्धं, पाऊण, पूर्ण. आणलेलं ताट नव्हे, परत गेलेलं ताट बघून मावशींनीच खूण करायची. मावशींना हे काम मनापासून आवडलं. “ह्यांनी भातच खाल्लाय, वरण तसंच हाय,” असं त्या मला फोनवर सांगायला लागल्या. बायपॅपवर दोन दिवस सलग निम्म्यापेक्षा कमी गेलं, की नळीबद्दल सरांशी बोलायचं, हेही ठरलं. ते लिहून ठेवलं म्हणून टिकलं. तोंडी ठरलेलं तेवढ्या धावपळीत टिकलं नसतं.

आक्का घरी गेल्या तेव्हा वजन ५४ किलो होतं. जिना चढवत नव्हता, केस विंचरायला हात वर जात नव्हता. कागदावर मी तीन महिन्यांचा आहार लिहून दिला, रोज किती अंडी, किती डाळ, किती दूध.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात पंचगंगा आणि कृष्णेला महापूर आला. शिरोळच्या गावांत पाणी शिरलं, हायवे बंद पडला. मुलाचा फोन आला, गाव सोडून निवारा केंद्रात आलोय. म्हस पाव्हण्यांकडं बांधलीय, दूध मिळंना. “दुधाची पावडर मिळतीय हितं. आईला चालंल काय?”

चालेल, म्हटलं. साखर नसलेली बघून घे, तीन मोठे चमचे एका पेल्यात, दिवसातून तीनदा, पाणी उकळूनच. खिचडी मिळते ना, त्यात शेंगदाण्याचं कूट घाल. फुटाणे मिळाले तर तेही, पण चावायला त्रास होत असेल तर दळून. त्यानं सगळं पुन्हा म्हणून दाखवलं आणि विचारलं, “कूट किती घालू?”

“मूठभर,” मी म्हटलं. “रोज.”