रोखे गेले, देणग्या राहिल्या

"निवडणूक रोखे रद्द झाले ना? मग कंपन्या अजून पक्षांना पैसे कशा देतात?" आणि लगेच दुसरा प्रश्न: "देणगी देणं हेही अभिव्यक्तिस्वातंत्र्यच ना?" तुम्ही पुन्हा विचारलंत म्हणून लिहून टाकतो.

देणगीवर बंदी आलेलीच नाही! रोखे म्हणजे स्टेट बँकेतून विकत घेऊन, देणाऱ्याचं नाव जाहीर न होता पक्षाला द्यायचे कागद. सर्वोच्च न्यायालयाच्या १५ फेब्रुवारी २०२४ च्या निकालाने हा निनावीपणा काढला आणि २०१७ मध्ये उडवलेली मर्यादा परत आणली. कंपनी कायद्याचं कलम १८२ जागेवर आहे. कंपनी सरकारी नको, तिला तीन आर्थिक वर्षं झालेली हवीत. संचालक मंडळाचा ठराव करायचा, पैसे बँकेतून द्यायचे, मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या साडेसात टक्क्यांपर्यंतच. पक्षाचं नाव आणि रक्कम नफा-तोटा पत्रकात दाखवायची. मर्यादा नव्हती तेव्हा तोट्यातली कंपनीही हवी तेवढी देणगी देऊ शकत होती. तोट्यातली कंपनी कुणाचा पैसा देते, हे विचारा की कधीतरी.

खरी मेख मार्च २०२४ मध्ये दिसली. स्टेट बँकेला ६ मार्चपर्यंत रोख्यांचा तपशील निवडणूक आयोगाला द्यायचा होता, तिने ३० जूनपर्यंत मुदत मागितली. कारण काय, तर रोखे घेणाऱ्यांची माहिती एकीकडे, वटवणाऱ्या पक्षांची दुसरीकडे, दोन्ही मुंबईच्या मुख्य शाखेत बंद लिफाफ्यांत. न्यायालयाने ११ मार्चला मुदत नाकारली. १४ तारखेला निवडणूक आयोगाने दोन याद्या टाकल्या: कुणी घेतले, कुणी वटवले. मधला दुवा गायब. प्रत्येक रोख्यावर अतिनील प्रकाशातच दिसणारा एक क्रमांक होता. तो न्यायालयाने पुन्हा बजावल्यावर, २१ मार्चला आला. त्यानंतर दोन याद्या क्रमांकावरून जुळवणं म्हणजे एक्सेलमधलं एक सूत्र. निनावीपणा एवढ्या एका रकान्यावर उभा होता.

आता स्वातंत्र्याचं. अमेरिकेत २०१० च्या 'सिटिझन्स युनायटेड' निकालाने, ५ विरुद्ध ४ मतांनी, कंपन्यांना उमेदवारापासून स्वतंत्र राहून प्रचारावर खर्च करायची मुभा दिली. उमेदवाराला थेट देणगी मात्र तिथेही बंदच राहिली. आपल्याकडे राज्यघटनेचं अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं कलम १९(१)(अ) रोख्यांच्या निकालात वापरलं गेलं ते मतदाराच्या बाजूने, त्याच्या जाणण्याच्या हक्कासाठी. कंपनीची देणगी हा निव्वळ धंद्याचा व्यवहार, असं न्यायालय म्हणालं. मला ते पटतं. पण कामगार संघटनेने वर्गणीतून दिलेली देणगी कशात मोडते, याचं उत्तर माझ्याकडे नाही. १९५७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात मुख्य न्यायमूर्ती छागलांनी टाटांच्या पोलाद कंपनीला देणगीची वाट मोकळी केली आणि त्याच निकालात या प्रथेने लोकशाहीला धोका असल्याचंही बजावलं. तेव्हापासून आपण तिथेच घुटमळतोय.

नाव कळलं की पुरे, असं मी वादात ठासून सांगतो. मग इलेक्टोरल ट्रस्ट आठवतो. अनेक कंपन्या त्यात पैसे टाकतात, ट्रस्ट वर्षाच्या जमेपैकी किमान ९५ टक्के पक्षांना वाटतो. देणारे जाहीर, घेणारेही जाहीर. पण कुणाचा पैसा कुठल्या पक्षाकडे गेला, हे त्या यादीतून लागत नाही. इथे तर जुळवायला क्रमांकही नाही.