सत्तर पावलं मागे

रानाची निगा राखायच्या माझ्या इंटर्नशिपचा पहिला आठवडा चुली मोडण्यात गेला.

कॅलिफोर्नियात लेक टाहोच्या नैर्ऋत्येला डेसोलेशन वाइल्डरनेस नावाचं संरक्षित रान आहे, साधारण ६४ हजार एकरांचं. तिथे शेकोटी पेटवायला मनाई आहे. तरी तळ्याकाठी, कातळाच्या आडोशाला दगडांची गोल चूल सापडतेच. ती मोडायची पद्धत आमच्या गटप्रमुख बाईंनी पहिल्याच दिवशी दाखवली. राख पूर्ण थंड झाली आहे ना, हे तळहात जवळ नेऊन बघायचं. मग ती बोटांनी चाळायची, कारण तिच्यात अर्धवट जळलेली फॉइल, बाटल्यांची झाकणं, तंबूच्या खुंट्या निघतात. ते सगळं पिशवीत भरायचं, राख लांब झाडीत विखरायची. दगड एकेक करून दूर न्यायचे आणि काळी बाजू जमिनीकडे करून ठेवायचे. शेवटी जागेवर पाइनच्या सुया पसरायच्या, एखादी वाळकी फांदी आडवी टाकायची. नखांतली काजळी चार दिवस जात नाही. पण मागे वळून पाहिलं की चूल कुठे होती ते आपल्यालाच सांगता येत नाही. एखादा अवघड गड सर केल्यावर होतो तेवढाच आनंद मला त्या रिकाम्या जागेकडे बघून झाला.

ही मनाई उगाच नाही. २०२१ सालची कॅल्डोर आग एको समिट ही खिंड ओलांडून टाहोच्या खोऱ्यात उतरली होती, त्या आगीत २ लाख २० हजार एकरांहून जास्त जमीन जळाली. रानाच्या वेशीवरच्या एको लेक्स तळ्यांकडे गाडीने येताना ती काळी खोडं रस्त्यावरूनच दिसतात. ती पाहिल्यावर कुणाला शेकोटीचे नियम समजावताना माझा आवाज आपोआप गंभीर व्हायचा.

आमचा क्रम ठरलेला: चार दिवस डोंगरात, तीन दिवस खाली. पाठीवरच्या ओझ्यात जेवणाचा अस्वलरोधक डबा, फावडं आणि करवत. यंत्रावर चालणारी करवत नाही. अमेरिकेच्या १९६४च्या वाइल्डरनेस कायद्याने अशा जमिनींवर मोटारीवर चालणारं काही आणायला मनाई आहे, सायकललासुद्धा. माणूस इथे पाहुणा आहे, मुक्कामाला राहणारा नाही, असं कायद्याच्या व्याख्येतच लिहिलं आहे. ते वाचताना मला मुळशीकडची आमची देवराई आठवली. तिथून पडलेली काटकीसुद्धा घरी न्यायची नाही, असं आजी बजावायची. इथे देव नाही, कायदा आहे. पण कोयता बाहेर ठेवून आत जायची भावना मला ओळखीची वाटली.

जुलैच्या सुरुवातीला वाटेवर एक फरचं झाड आडवं पडलं होतं. दोन माणसांची करवत ओढायला मी तिथे शिकले. ओंडक्याचा भार कुठे आहे ते आधी ओळखायचं, नाहीतर काप मिटतो आणि पातं अडकतं. म्हणून काप खोल गेला की वरून पाचर ठोकायची. करवत आपल्याकडे खेचायची, पण परत जाताना ढकलायची नाही. ढकललं की पातं वाकतं. समोरचा खेचत असताना आपण फक्त हात सैल सोडायचा. मला हे जमायला दुपार झाली. एकदा लय लागली तेव्हा भुशाऐवजी शेवयांसारखे लांब, ओलसर धागे बाहेर पडायला लागले आणि राळेचा वास सुटला. पाऊण तास लागला, पण वाट मोकळी झाली.

हा अनुभव घ्यावासा वाटत असेल तर हिवाळ्यातच चौकशी सुरू करा, वसंतात उशीर होतो. उद्यानांच्या कामात विद्यार्थ्यांना घ्यावं ही कल्पना एलिझाबेथ कुशमन यांनी १९५५ साली व्हॅसर कॉलेजच्या आपल्या प्रबंधात मांडली, आणि १९५७ मध्ये ऑलिंपिक व ग्रँड टिटन उद्यानांत पहिले विद्यार्थी कामाला लागले. त्यातूनच स्टुडंट कॉन्झर्वेशन असोसिएशन ही संस्था उभी राहिली. व्हिसाचे नियम मात्र आधी नीट तपासून घ्या.

एको लेक्सपासून साधारण सहा मैलांवर लेक अलोहा आहे. पांढऱ्या ग्रॅनाइटच्या बशीत पसरलेलं उथळ पाणी, मधेमधे कातळाची बेटं. एका बुटक्या धरणाने आधीची छोटी तळी जोडून हे तळं झालं. वाइल्डरनेसच्या मधोमध माणसाचं बांधकाम आहे हे कळल्यावर मला आधी वाईट वाटलं. पण कायदा यायच्या कितीतरी आधीपासून ते तिथे आहे, आणि संध्याकाळी त्या पाण्यात पिरॅमिड पीकचं प्रतिबिंब पाहताना मन शांत होतं हेही खरं.

ऑगस्टमध्ये तिथेच एक मराठी कुटुंब भेटलं, बे एरियातून आलेलं. परमिट व्यवस्थित होतं. काका पाण्यात उतरून खिचडीचं पातेलं खळबळत होते.

"काका, तळ्यात नका धुऊ."

"अगं, साबण कुठे लावलाय? नुसतं पाणी आहे."

"शितं जातात ना पाण्यात. काठापासून सत्तर मोठी पावलं मागे जाऊन धुवायचं, आणि ते पाणी जमिनीवर पसरून टाकायचं. शितं गाळून आपल्याबरोबर न्यायची. चला, मी पातेलं धरते."

काकांनी क्षणभर माझ्या खांद्यावरच्या बिल्ल्याकडे पाहिलं, मग नातीला हाक मारली. आम्ही तिघं कातळावरून चढू लागलो. ती छोटी मोठमोठ्या ढांगा टाकत मराठीत मोजत होती, सदुसष्टपाशी अडखळली, आणि आजोबांनी तिला पुढचा आकडा सांगितला.