दोन गोल सापडले, पण ते केले कुणीच नव्हते

मंडळी, लाल चौकोन गेला! २०१२-१३च्या पानावरचा, ईस्ट बंगालच्या ओळीतला, ज्याच्या नावाने मी मागच्या दोन नोंदींत खडे फोडले होते तोच. (नव्या वाचकांसाठी: भारताच्या वरच्या फुटबॉल लीगची, म्हणजे जुनी राष्ट्रीय लीग आणि नंतरची आय-लीग यांची, आकडेवारी मी स्प्रेडशीटवर मोसमवार जमवतो. हिशेब जुळला नाही की चौकोन लाल, जुळला की हिरवा.) संघाचे एकूण गोल आणि खेळाडूनिहाय गोलांची बेरीज यांत दोनचा फरक येत होता. पाच आठवडे ते दोन गोल शोधले, शेवटी सापडले. पण ते कुणी केलेच नव्हते, आणि त्यामुळे आधीपेक्षा मोठी पंचाईत झाली आहे.

शोधाची हकीकत आधी सांगतो, कारण यात आपल्यापैकी आणखी कुणी अडकलं असणार.

पहिला संशय नेहमीचा, स्वयंगोलांवर. तो रकाना तीनदा तपासला, स्वच्छ निघाला. मग ओसीआर, म्हणजे स्कॅनमधला छापील मजकूर वाचणारं सॉफ्टवेअर. मराठी कात्रणं स्कॅन केली की त्याला १ आणि ९ सारखेच दिसतात, हे मी आधीही रडून सांगितलंय. त्या मोसमाची सगळी कात्रणं पुन्हा डोळ्यांनी वाचली. एका जागी ९ चा १ केला, पण तो प्रेक्षकसंख्येत होता. त्यानंतर स्प्रेडशीट. २५ ऑक्टोबर २००९च्या कोलकाता डर्बीत, म्हणजे शहरातल्या दोन कट्टर प्रतिस्पर्ध्यांच्या सामन्यात, मोहन बागानने ईस्ट बंगालला ५-३ हरवलं, चिडी एडेने चार गोल मारले. एवढा मोठा सामना, आणि माझ्या पानावर त्याचा निकाल ‘५ मार्च’. निकाल एकाच रकान्यात, मध्ये आडवी रेघ देऊन लिहिला की स्प्रेडशीट त्याला तारीख समजणारच. यजमानांचे गोल वेगळे, पाहुण्यांचे वेगळे, ही शिस्त मी तेव्हापासून लावून घेतली आहे. तुम्हीही लावा. त्या फंदात सगळी पानं पुन्हा चाळून झाली, दोन गोल मात्र मिळाले नाहीत.

मिळाले ते रद्दीत. माझा नेहमीचा रद्दीवाला जुने अंक किलोवर देतो, आणि जुन्या अंकांचा धंदा करणाऱ्या एका ‘संग्राहका’पेक्षा हजार पटींनी बरा. त्या गृहस्थाने मला गेल्या वर्षी पानामागे पैसे लावून जी क्रीडापानं पाठवली, त्यांतली निम्मी मागच्या शब्दकोड्यासाठी कातरलेली होती. असो. डिसेंबर २०१२चा गठ्ठा सोडला आणि सोमवार, १० तारखेचा अंक काढला. पानभर ईडन गार्डन्स. इंग्लंडने आदल्याच दिवशी तिथली कसोटी सात गडी राखून जिंकली होती, तेव्हा दुसरं काय असणार! पण उजव्या कोपऱ्यात, अगदी तळाशी, टायरच्या जाहिरातीच्या डोक्यावर नऊ ओळींची एक चौकट होती. शहर तेच, कोलकाता. दिवसही तोच, रविवार. फक्त मैदान सॉल्ट लेकचं. चौकटीच्या शेवटच्या ओळीत ‘सामना अर्धवट’ हे दोन शब्द वाचले आणि खुर्चीत सरळ होऊन बसलो.

९ डिसेंबरची ती डर्बी तुम्हाला आठवत असेल. पहिल्या अर्धात हरमनज्योत खाबराने ईस्ट बंगालला १-० पुढे नेलं. बागानच्या ओडाफाला लाल कार्ड मिळालं, त्यावरून गॅलरी पेटली, आणि वरून आलेला दगड बागानच्याच रहीम नबीच्या तोंडावर बसला. मध्यंतरानंतर बागानचा संघ मैदानात उतरलाच नाही. नंतर सामना ईस्ट बंगालला ३-० असा बहाल झाला.

झालं! निकालांच्या पानावर मी अधिकृत तक्त्यातून ३-० उतरवलं होतं. गोल करणाऱ्यांच्या पानावर सामन्याच्या वृत्तांतातून एकटा खाबरा घेतला होता. तीनातून एक गेला, राहिले दोन. पाच आठवडे मी ज्यांच्या मागे होतो ते दोन गोल कुठल्यातरी बैठकीच्या टेबलावर झाले होते.

तेवढ्यावर भागलं असतं तर ‘बहाल’ अशी एक टीप टाकून मोकळा झालो असतो. पण त्याच पानावर बागानच्या ओळीतही एक लाल खूण आहे, आणि ती मी आजवर ‘नंतर बघू’ म्हणून ठेवली होती. विजय गुणिले तीन अधिक बरोबरी, हे उत्तर त्यांच्या गुणांशी जुळतच नाही. दोन्ही खुणांचं मूळ आता एकच निघालं. २९ डिसेंबरला, मैदानात न उतरल्याबद्दल, अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने बागानवर दोन वर्षांची बंदी घातली. १५ जानेवारी २०१३ला ती मागे घेतली, त्याऐवजी दोन कोटींचा दंड केला आणि तोवर कमावलेले सगळे गुण पुसून शून्यावरून सुरुवात करायला लावली. (शून्यावरून निघूनही ते खालच्या लीगमध्ये घसरले नाहीत. मी काही बागानवाला नाही, पण उरलेल्या सामन्यांतली ती धाव बघण्यासारखी होती.)

आता माझ्यासारख्याने काय करायचं? सर्वकालीन गुणतक्त्यात बागानने मैदानावर मिळवलेले गुण धरायचे की कागदावर उरलेले? कागदावरचे धरले तर विजयांचा रकाना खोटा पडतो. मैदानावरचे धरले तर त्या मोसमाचा अंतिम क्रम बिघडतो. आणि माझा लाडका आठवडेवार क्रमांकांचा आलेख? बंदी ते माफी हे सतरा दिवस बागानची रेघ कुठे काढू? ती तोडून पुन्हा जोडली तर हॉस्पिटलच्या मॉनिटरसारखी दिसते. काढून बघितली, पोटात गोळा आला, पुसली.

खाबराचा प्रश्न वेगळाच. काही आकडेवारीवाले म्हणतात, निकाल बहाल झाला की मैदानावरचे गोलही गेले. मला हे अजिबात पटत नाही. चेंडू जाळ्यात गेला, रेफरीने शिट्टी वाजवली, पोरगा नाचला. तो गोल झालाच. मी तो ठेवतोय. आणि खाबराचा गोल ठेवायचा तर ओडाफाचं लाल कार्डही ठेवायला लागतं, म्हणजे शिस्तीच्या पानावर तो सामना पुरा जिवंत. निकालाच्या पानावर मात्र तो भलताच सामना आहे.

म्हणून इथवर लिहीपर्यंत बेत असा होता की गुणांचे दोन रकाने करायचे, ‘मैदान’ आणि ‘निर्णय’. पण आत्ता लिहिता लिहिताच जाणवतंय की दोन रकान्यांनी भागणार नाही. २०१९-२०चा मोसम घ्या. १० मार्च २०२०ला बागानने कल्याणीत आयझॉलला १-० हरवून विजेतेपद पक्कं केलं, तेव्हा त्यांचे चार सामने बाकी होते. मग कोविड आला आणि राहिलेले सामने झालेच नाहीत. इथे मैदान आणि निर्णय यांत भांडण नाही, पण सामन्यांची संख्या संघागणिक वेगळी. आणि २०२४-२५? तोवर आय-लीग वरची लीग राहिली नव्हती, म्हणून माझ्या तक्त्यात ती येत नाही. पण विजेता कोण, हे चर्चिल आणि इंटर काशी या क्लबांच्यात थेट लोझानच्या क्रीडा लवादात ठरलं. तसलं उद्या आयएसएलमध्ये (इंडियन सुपर लीग, आताची वरची लीग) झालं तर मी कुठे कुठे रकाने वाढवत बसू?

तेव्हा रकाने रद्द. स्वतंत्र वही. मैदानाबाहेर ठरलेल्या प्रत्येक गोष्टीची एक ओळ: तारीख, सामना, मूळ स्थिती, बदललेली स्थिती, कुणी बदलली. मूळ पानांवर फक्त जे घडलं तेच. अधिकृत तक्ता हवा असेल तेव्हा वहीतल्या ओळी त्यावर चढवायच्या. आलेखाची रेघही मग तुटणार नाही, फक्त १५ जानेवारीला धाडकन खाली येईल. हे आधीच सुचायला हवं होतं. सोळा मोसमांची पानं उलटी उसवावी लागणार, पण इलाज नाही.

आता थोडं गोड. ३० मे २०११ला डेम्पोने एअर इंडियाचा १४-० असा चुराडा केला, ते चौदाच्या चौदा गोल नावांसकट बसले, फरक शून्य! त्या रात्री हिरवा चौकोन बघत नुसता बसून राहिलो. महिंद्र युनायटेडचं २००५-०६चं पानही पूर्ण झालं. जुन्या राष्ट्रीय लीगपासून आय-लीगपर्यंत महाराष्ट्रातून विजेता झालेला तो एकमेव क्लब, आणि २०१०मध्ये त्यांनी गाशा गुंडाळला. पुणे एफसीच्या उपविजेतेपदाचं पान तर याच छळवादी २०१२-१३मध्ये आहे, आणि त्यांच्या ओळीत एकही खूण नाही. चर्चिलच्या मागे दुसरे आले बिचारे, पण हिशेबाला चोख.

१९९६-९७चं घोंगडं अजून भिजतंय. बारा संघ, दोन गट, मग आठ जणांचा अंतिम टप्पा, आणि त्यात जेसीटी विजेते. गटातले सामने सर्वकालीन तक्त्यात धरायचे का? माझं मत ‘हो’कडे झुकतंय, कारण न धरावेत तर पहिल्या टप्प्यात गारद झालेल्या चार संघांना लीगमध्ये खेळल्याचा पुरावाच उरत नाही. पण नवी वही उभी राहीपर्यंत त्याला हात लावणार नाही.

रद्दीवाल्याने जानेवारी २०१३चा गठ्ठा बाजूला काढून ठेवलाय. त्यात १६ तारखेचा, म्हणजे बंदी उठल्याच्या दुसऱ्या दिवशीचा, अंक आहे की नाही, ते शनिवारी कळेल.