मासळीच्या पिकअपचा गंज काढला, त्याची हकिकत

गोव्यात पेडण्याला जुनी पिकअप बघायला गेलात की पहिला प्रश्न हा विचारायचा: गाडी मासळीला होती का? माझी होती. आधीचा मालक मालीमच्या जेटीवरून म्हापशाच्या मार्केटात क्रेट टाकायचा. इंजिन उत्तम, गिअर मऊ, टायर बरे. किंमत एवढी कमी का, ते हौद्याखाली वाकलं की कळत होतं. मला नारळ, पेंड आणि हंगामात काजूबिया न्यायला गाडी हवी होती. बॉडीचा खर्च धरूनच सौदा केला.

आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण पावसाचं पाणी निथळून वाळतं तरी. मासळीच्या क्रेटमधून गळणारं पाणी खारट असतं. ते वाळलं तरी मीठ पत्र्याच्या जोडात बसून राहतं आणि हवेतली ओल ओढत राहतं. म्हणून भर एप्रिलमध्येसुद्धा अशा गाडीचा जोड आतून ओलाच असतो.

आधी सर्व्हिसिंगला नेऊन खालून गोड्या पाण्याने जोराच्या प्रेशरने धुवून घेतली. मग उन्हात चांगली वाळवली आणि स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत फिरलो. चांगला पत्रा टणकन वाजतो, कुजलेला ठप्प. केबिनच्या मागच्या कोपऱ्यात रंगाला हरभऱ्याएवढा फोड होता. तिथे टोक टेकवलं तर ते सरळ आत गेलं. बाहेर फोड आणि आत तळहाताएवढं भोक, असा सगळा प्रकार. गंज दिसतो बाहेर, पण तो आलेला असतो आतून. दाराच्या खालच्या कडेला पाणी निघायला बारीक भोकं ठेवलेली असतात, ती चिखलाने बुजली होती. हौद्याच्या आडव्या पट्टीत तार घातली तेव्हा मातीबरोबर मासळीचे वाळलेले खवले पडले. किती वर्षांचे, देव जाणे.

सर्वात वाईट अवस्था हौद्याच्या तळाची. वर ॲल्युमिनियमची चेकर्ड प्लेट ठोकलेली, दिसायला झकपक. बोल्ट काढून ती उचलली तर खाली पांढरी भुकटी आणि तिच्याखाली पापुद्रे सुटलेला लोखंडी पत्रा. दोन धातू एकमेकांना चिकटून आणि मध्ये खारं पाणी, म्हणजे ॲल्युमिनियम झिजतं, आणि फटीतली ओल हटत नाही म्हणून लोखंड सडतं. जुन्या पिकअपला अशी प्लेट दिसली तर ती उचलून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

चॅसिस मात्र वाचली होती. हातोडीने ठोकल्यावर वरचा लाल थर पडला आणि खाली घट्ट लोखंड लागलं. तिथे पापुद्रेच्या पापुद्रे निघाले असते तर मी गाडी घेतली नसती. मालवाहू गाडीला आठ वर्षांनंतर दरवर्षी फिटनेस करावं लागतं, आणि चॅसिसला ठिगळ लावून ते करून घेण्यात मला काही अर्थ दिसत नाही.

आता डेंटर. पहिल्याने सांगितलं, फायबरचं कापड लावून पुट्टी भरतो, नवी दिसेल. दिसली असती, पण एक पावसाळा. पुट्टी ओल शोषते आणि तिच्या मागचा गंज आपलं काम चालूच ठेवतो. दुसऱ्या गॅरेजवाल्याने पत्र्यावर बोट फिरवलं आणि म्हणाला, “बाब, हें कापचेंच पडटलें.” काम त्यालाच दिलं.

त्याने बॅटरी सुटी केली, वेल्डिंगच्या जवळची डिझेलची टाकी उतरवली आणि चकचकीत लोखंड लागेपर्यंत पत्रा कापत गेला. भोक तळहाताएवढं होतं ते वहीच्या पानाएवढं झालं. बघताना पोटात गोळा येतो, पण कडेला कुजका पत्रा ठेवला तर त्याला वेल्डिंग धरतच नाही, जळून आणखी भोक पडतं. ठिगळाला जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा घालू या का, असं मी विचारलं. जस्ताचा धूर छातीला वाईट, कडा घासून घ्याव्या लागतात, त्यापेक्षा मुलामा नसलेला साधा सीआर पत्रा आणि वर नीट प्रायमर, असं त्याचं म्हणणं. मला पटलं. सीओटू वेल्डिंगने एक टाका इकडे, एक टाका तिकडे, मध्ये थंड होऊ देत. सलग ओढलं की पत्रा तापून लाटा येतात.

भोकं नसलेल्या पण खड्डे पडलेल्या जागी ग्राइंडरला वायरचा कप ब्रश लावून सुटा गंज काढला. खड्ड्यांच्या तळाशी काळे ठिपके उरतातच. त्यांवर फॉस्फोरिक ॲसिडवालं रस्ट कन्व्हर्टर लावलं, ते उरलेल्या गंजाचं फॉस्फेट करतं. डब्यावर लिहिल्याप्रमाणे ते धुवून, पुसून, वाळवलं. ॲसिड राहिलं तर वरचा एपॉक्सी प्रायमर सुटतो. पापुद्र्यांवर कन्व्हर्टर फासून काही होत नाही, ते खालपर्यंत पोचतच नाही.

प्रायमरवरून आमची थोडी बाचाबाची झाली. गेटाला, ग्रिलला मारतात तो रेड ऑक्साइड त्याच्याकडे पडून होता आणि स्वस्तही होता. मी दोन डब्यांचा, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा एपॉक्सीच आणून दिला, कारण रेड ऑक्साइडमधून ओल आत जाते. पुट्टी भरली ती एपॉक्सीच्या वर, पातळ, कोऱ्या पत्र्यावर कुठेही नाही. जोडांवर सीलंट ओढला.

काम जानेवारीत ठेवलं होतं. पावसाळ्यात स्वस्तात करून देणारे भेटतात, त्यांच्याकडे जाऊ नये. जानेवारीतही पहाटे दव पडतं, पत्रा हाताला गार आणि दमट लागतो. म्हणून गॅरेजवाला ऊन वर आल्यावर प्रायमर मारायचा आणि संध्याकाळी गार पडायच्या आत हात थांबवायचा. वरून पांढराच पीयू (पॉलियुरेथेन) रंग. आरसीवर रंग पांढरा आहे, बदलायचा तर आरटीओची नोंद आली. पीयूच्या हार्डनरची वाफ फुप्फुसाला घातक, तेव्हा नाकाला नुसता रुमाल बांधणाऱ्याला कार्ट्रिजवाला मास्क आणून द्या.

नंतरचं काम मी घरी केलं. दारांच्या आत, केबिनच्या खालच्या कडेत आणि हौद्याच्या पट्ट्यांत नळी घालून कॅव्हिटी वॅक्स, म्हणजे पोकळ जागेत मारायचं गंजरोधक मेण फवारलं. वेल्डिंगने आतल्या बाजूचा रंग जळलेला असतो आणि तिथे ब्रश पोचत नाही. वॅक्स पाझरून गेल्यावर निचऱ्याची भोकं तारेने पुन्हा मोकळी केली. चाकांच्या कमानीत काळं अंडरकोटिंग मारलं, चॅसिसवर मुद्दाम नाही. ते तडकलं की मागे पाणी धरून ठेवतं आणि आत काय चाललंय ते दिसत नाही. शेजारचे काका दरवर्षी जळकं ऑइल मारतात. गंज थांबतो हे खरं, पण रबरी बुश फुगतात आणि थेंब अंगणात विहिरीजवळ पडतात. मी चॅसिसलाही वॅक्सच मारलं.

हौद्यात प्लेट परत बसवली नाही. पोफळीच्या चिरलेल्या पट्ट्या मध्ये बोटभर जागा ठेवून टाकल्या आहेत. पाणी खालून वाहून जातं, आणि पट्ट्या उचलल्या की तळ दिसतो. केबिनमधल्या रबरी मॅटखालचा ओल धरून ठेवणारा फेल्ट काढून टाकला, आवाज थोडा वाढला. केरीहून तेरेखोलला फेरीबोटीने गेलो की धक्क्याच्या उतारावरचं खारं पाणी चाकांनी खालून उडतं. त्या दिवशी घरी आल्यावर पाइप खाली धरायचाच.

एक पावसाळा गेला. ठिगळं शाबूत आहेत. फाळक्याच्या बिजागऱ्यांपाशी मात्र रंग घासून लाल रेघ आली आहे. तिथे लोखंडावर लोखंड घासतं, रंग टिकणारच नाही, तेव्हा ग्रीस भरत राहणं आलं. डाव्या मडगार्डच्या कडेला एक फोड आहे, तो येत्या जानेवारीत उघडणार.